नाकमामांची खूण

नाकमामा ही गोष्ट हल्ली स्वतःच सांगतात, कोणी विचारलं नाही तरी सांगतात, आणि सांगताना स्वतःची अजिबात गय करत नाहीत. अडचण एवढीच की मधेच त्यांना हसू येतं, मग ठसका लागतो आणि गोष्ट अर्धी राहते. म्हणून ती इथे पहिल्यापासून सांगितलेली बरी.

कारखाना पंख्यांच्या जाळ्या बनवायचा. टेबलफॅनच्या तोंडावर बसते ती तारेची गोल जाळी, दिवसाला दोन हजार. जगाला वारा पुरवणाऱ्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःसाठी मात्र पंखे दोनच होते, आणि त्यातला एक नुसती मान हलवायचा, पाती हलवायचा नाही. शेडच्या एका टोकाला रंग भाजायची भट्टी होती, दुसऱ्या टोकाला धुण्याची टाकी. धुण्याची म्हणजे पाण्याची नव्हे. तारेला चिकटलेलं तेल-ग्रीस काढायला टाकीत सॉल्व्हंट तापवायचे, त्याच्या वाफेत जाळ्यांची टोपली क्रेनने सोडायचे आणि चकचकीत करून वर काढायचे. टाकी जमिनीत पुरलेली, दीड पुरुष खोल. महिन्यातून एकदा ती रिकामी करायची, दोन तास ब्लोअरची जाड नळी तळाशी सोडून बाहेरची हवा खेळवायची, आणि मग एका माणसाने शिडीने आत उतरून तळाचा गाळ खरवडायचा.

सॉल्व्हंट दिसायला पाण्यासारखं, वासाला किंचित गोडसर आणि स्वभावाने दगाबाज. त्याची वाफ जास्त छातीत गेली की माणसाला आधी बरं वाटतं, मग फारच बरं वाटतं, आणि मग काहीच वाटत नाही. म्हणून माणूस आत उतरण्याआधी नाकमामा टाकीवर वाकायचे. डोळे मिटून तीन श्वास घ्यायचे. खरं म्हणजे पहिल्याच श्वासात सगळं कळायचं, पण बघणाऱ्यांचंही मन राखावं लागतं, म्हणून दुसरा घ्यायचे आणि तिसरा चांगला लांबवायचे. मग खिशातून खडू काढून टाकीच्या काठावर बरोबरची खूण करायचे. खूण झाली की माणूस आत. खूण नसली तर मालकांनी सांगितलं तरी कोणी शिडीवर पाय ठेवत नसे.

हा मान मामांना फुकट मिळाला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण उघडता उघडता त्यांनी मान वर केली, "भट्टीचा गॅस गळतोय," म्हणाले आणि सगळ्यांना उष्ट्या हातांनी बाहेर हाकललं. दहा मिनिटांनी भट्टीचं दार उडून समोरच्या भिंतीत घुसलं. त्या दिवसापासून फोरमनमामांचे नाकमामा झाले. हाकललेल्यांमध्ये टाकीचा गाळ काढणारा एक अबोल माणूस होता. पुढे त्याच्याच मुलाला मामांची मुलगी दिली आणि तो मामांचा व्याही झाला.

व्याही म्हणजे शब्द मोजून खर्च करणारा माणूस. लग्नात मामांनी जिवाचं रान केलं. सगळं आटोपल्यावर घाम पुसत विचारलं, "व्याही, नीट झालं ना सगळं?" व्याही म्हणाले, "झालं." त्याला आता सहा वर्षं होत आली, पण मामा अजून तो एक शब्द उलटासुलटा करून बघायचे, त्यात कुठे कौतुक दडलंय का ते. सापडत नव्हतं.

आणि दोन वर्षांपूर्वी मामांचं नाक गेलं.

म्हणजे जागेवर होतं. चष्मा व्यवस्थित टेकत होता. फक्त वास येईनासा झाला. हे पहिल्यांदा कळलं ते त्यांना नाही, बायकोला. मामा सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्यापासून दोन हातांवर दूध उतू जाऊन, जळून, पातेल्याचं बूड काळं पडलं होतं. शेजारीण बाहेरून ओरडली, "अहो, काय जळतंय?" मामा खिडकीतून म्हणाले, "तुमच्याकडेच बघा जरा!" बायको आली, पातेलं बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि पातेलं घासायला टाकलं. पण दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची भाजी पुढे करून विचारलं, "ही खराब झालीय का हो? तुमचं नाक चांगलं." मामांनी ताट नाकाशी धरलं, तीन श्वास घेतले, तिसरा लांबवला. "उत्तम आहे," म्हणाले. बायकोने ती तोंडालाही लावली नाही. मामांनी शब्दाला जागून सगळी खाल्ली आणि पुढचे दोन दिवस कारखान्यात गेले नाहीत.

"डॉक्टरकडे चला," बायको म्हणाली.

"नाकमामाने नाकाच्या डॉक्टरकडे जायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"बरं झालं. वास तर येणार नाही तुम्हाला."

हे हसण्यावारी गेलं, पण मामा आतून घाबरले होते. चोपन्नाव्या वर्षी माणसाकडे असं काय असतं? गुडघे दुखत होते, वाचायचं ते लांब धरावं लागत होतं, वेल्डिंगमध्ये नवी मुलं त्यांच्या दुप्पट वेगाची होती. शेडमध्ये मामांची किंमत होती ती त्या एका अवयवामुळे. तो गेला हे कळलं तर व्याही काय म्हणतील? बहुतेक काहीच म्हणणार नाहीत, आणि तेच जास्त लागेल.

मार्ग सापडला तो कपाटात. वर्षभर आधी सेफ्टीच्या बाई आल्या होत्या. दर तीन महिन्यांनी त्या यायच्या, फाईल घेऊन, पायात मोठे बूट घालून. त्यांनी हवा मोजायचं छोटं मीटर दिलं होतं. साबणाच्या वडीएवढं, ठीक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल दिवा आणि कर्कश शिट्टी. "दोरी बांधून तळापर्यंत सोडायचं," बाई बजावून म्हणाल्या होत्या. "ही वाफ जड असते, खाली बसते. वास येण्याची वाट बघू नका, वास आला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो." तेव्हा मामांनी सगळ्यांसमोर ती डबी कानाशी धरून हलवली होती आणि विचारलं होतं, "हिला सर्दी होते का हो, बाई?" सगळी शेड हसली. बाई हसल्या नाहीत. मीटर कपाटात गेलं.

तेच मीटर मामांनी गुपचूप बाहेर काढलं. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं, वर रुमाल कोंबला, आणि खिशाला ब्लेडने बारीक फट पाडली. आता टाकीवर वाकलं की डोळे मिटायचे, पण पूर्ण नाही. एका पापणीखालून फटीतला हिरवा दिवा दिसला की तिसरा श्वास लांबवायचा आणि खडू काढायचा. दोन वर्षं हे नाटक बिनबोभाट चाललं. मामांना स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटायचं की कधी कधी घरी जाताना रस्त्यात एकटेच हसायचे.

एकच गोष्ट या हुशार माणसाच्या ध्यानात आली नाही. दोरी बांधून तळापर्यंत सोडायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. खिशातलं मीटर दोरीने सोडता येत नाही. मामा दोन वर्षं तळाची नव्हे, स्वतःच्या छातीसमोरची हवा मोजत होते, आणि तिथे ती नेहमीच झकास असायची.

तोवर निभावलं ते ब्लोअरमुळे. दोन तास हवा खेळली की तळ साफ व्हायचा, मग मामा तिथे वाकोत नाहीतर उड्या मारोत.

त्या वर्षी उन्हाळा भलताच तापला. सकाळी दहालाच पत्रा तडतडायला लागायचा. भट्टीजवळचा लोखंडी खांब धरला तर हात चटकन मागे यायचा. माणसांची डोकी दुखत होती, गरगरत होतं, कोणी उगाच हसत होतं, कोणी भिंतीला टेकून बसत होतं. मामांकडे विचारणा झाली की मामा हवा हुंगायचे आणि निकाल द्यायचे, "ऊन आहे. दुसरं काही नाही. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या." लोक पाणी घ्यायचे. उन्हाळा खराच होता, त्यामुळे मामा अर्धे बरोबरही होते. उरलेला अर्धा भाग टाकीतून वर येत होता, कारण तापल्या शेडमध्ये सॉल्व्हंटही दुप्पट उडत होतं. पण ते सांगणार कोण? सांगणारं नाक मामांचं.

टाकी साफ करायच्या दिवशी भट्टीवाला पाय ओढत आला. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे.

"मामा, तासभर ब्लोअरची नळी माझ्याकडे फिरवू का? जीव जातोय हो."

नाही कसं म्हणणार? त्याची अवस्था दिसत होती. मामांनी टाकीच्या तळातली नळी ओढून भट्टीकडे वळवली. तासाचा दीड तास झाला. मग पुन्हा टाकीत सोडली, पण जेवणाच्या आत काम संपवायचं म्हणून वीस मिनिटांतच बाहेर काढली. भट्टीवाला बरा झाला होता, मामांना दुवा देत होता, आणि मामा खूश होते.

गाळ काढायची पाळी व्याह्यांची होती. रबरी बूट, रबरी हातमोजे, हातात खरवडणी. मामा टाकीवर वाकले, पापणीखालून बघितलं. हिरवा. पहिला श्वास, दुसरा, तिसरा लांबलचक. खडू निघाला, खूण झाली.

व्याह्यांनी भिंतीवरच्या दोरीच्या पट्ट्याकडे बोट केलं. हा पट्टा कमरेला बांधायचा आणि दोरी वरच्याने धरायची, असा नियम होता.

"राहू द्या व्याही," मामा उदारपणे म्हणाले. "वासबिस काही नाही. उगाच आणखी उकडेल."

व्याह्यांनी मामांकडे एकदा बघितलं, खुणेकडे एकदा बघितलं, आणि शिडीने उतरले.

पाच-सात मिनिटं खरवडण्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला आणि आतून हसण्याचा आवाज आला. क्रेनवाल्याने मामांकडे बघितलं. व्याह्यांना हसताना शेडमध्ये कोणी ऐकलं नव्हतं.

"व्याही!" आतून हाक आली.

"बोला व्याही."

"तुम्ही फार मोठा माणूस आहात."

मामांना वाटलं, कान वाजतायत. "काय म्हणालात?"

"लग्न काय झोकात केलंत तुम्ही! मी तेव्हा बोललो नाही. आणि सूनबाई... लाखात एक! तिला तुम्हीच वाढवलंत ना? मग!"

आता इथे मामांनी काय करायला हवं होतं, हे एव्हाना वाचणाऱ्यालाही कळलं असेल. एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस सॉल्व्हंटच्या टाकीत उभा राहून पाहुण्यासारखा गप्पा मारतोय, तेव्हा ओरडायला हवं होतं, हाताला धरून वर ओढायला हवं होतं. मामांनी काय केलं? मामा गुडघ्यांवर बसले, काठावरून आणखी खाली वाकले आणि म्हणाले, "सगळ्यांना ऐकू येईल असं बोला की जरा, व्याही."

सहा वर्षं वाट बघितली होती. एक मिनिट, पूर्ण एक मिनिट, ते त्या कौतुकात डुंबत राहिले. मामा सांगतात की त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं मिनिट तेच, आणि सगळ्यात लाजिरवाणंही तेच.

जास्त ऐकू यावं म्हणून ते आणखी वाकले, आणि खिशातून रुमाल सुटला. रुमालामागून मीटर सुटलं. ते शिडीच्या पायरीवर आपटलं, व्याह्यांच्या बुटांशी पडलं आणि त्याने शिट्टी फुंकायला सुरुवात केली. लाल दिवा भकाभका पेटत होता. अख्खी शेड हातातलं काम टाकून टाकीकडे बघायला लागली.

व्याही खाली वाकले, तोल जाऊन भिंतीला टेकले आणि मीटर उचलून हसत सुटले. "व्याही, हे बघा, याला पण तुमचं कौतुक वाटतंय!"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन क्षणांपूर्वीचे शब्द त्यांना पुन्हा ऐकू आले आणि या वेळी त्यांचा खरा अर्थ लागला. "व्याही, वर या! लगेच वर या!"

"कशाला? इथे छान गार आहे. वर ऊन आहे."

मामांनी शिडीवर पाय टाकला. क्रेनवाल्याने मागून कॉलर धरून त्यांना खेचलं. "मामा, वेडे झालात का? तुम्हीपण आतच पडाल! नळी आणा रे, नळी!" दोघं कामगार ब्लोअरकडे धावले. पण नळी ओढून आणायला वेळ लागणार होता, पट्टा भिंतीवर लटकत होता, आणि व्याही हळूहळू भिंतीवरून खाली घसरत होते. ते एकदा खाली बसले की संपलं, कारण वाफ खालीच होती. मामांना दिसत होतं की आता त्या माणसाला फक्त त्याचे स्वतःचेच पाय वर आणू शकतात. आणि पाय उचलायला त्याला काहीतरी कारण हवं होतं.

मामा शेडभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "व्याही, मला वास येत नाही! दोन वर्षं झाली! माझं नाक मेलंय!"

शेडमधल्या सगळ्यांच्या माना टाकीवरून मामांकडे वळल्या.

"छान," आतून व्याही हसत म्हणाले.

"छान नाही! मी खोटं नाटक करत होतो! ही डबी खिशात लपवून बघत होतो! ती खूण खोटी आहे! मी तुम्हाला फसवून आत उतरवलंय!"

हसणं थांबलं. व्याह्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे कुठेच ठरत नव्हते, पण एक शब्द पोचला होता.

"फसवलं?"

"फसवलं! सगळ्यांदेखत फसवलं! काय करणार तुम्ही माझं? हिंमत असेल तर वर या आणि ठेवून द्या एक थोबाडीत!"

व्याही शिडीकडे वळले. एक पायरी. दुसरी चुकली, नडगी आपटली, पुन्हा सापडली. मामा काठावर आडवे पडून गाल पुढे करून ओरडत होते, "या! हा बघा गाल! या!" तिसरी, चौथी. पाचवीवर ते थांबले आणि डोळे मिटायला लागले. मामांनी मग नको नको ते ऐकवलं. सहा वर्षांत मनात साठलेलं सगळं, त्या "झालं" या एका शब्दासकट, बाहेर पडलं. सहावी. सातवी. व्याह्यांचं डोकं काठाच्या वर आलं, त्यांनी हात उचलला आणि मामांच्या गालावर मारला. इतका हलका बसला की माशी उडाली नसती. आणि तिथेच त्यांचा तोल गेला. पण तोवर मामांचे दोन्ही हात त्यांच्या काखांत होते, आणि क्रेनवाल्याचे मामांच्या कमरेला.

त्यांना बाहेर सावलीत नेलं, भिजलेले कपडे काढले, दवाखान्याची गाडी येईपर्यंत मामा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन वारा घालत राहिले. वारा घालायला हातात एक पुठ्ठा होता. मामा रडत होते आणि ते कोणापासून लपवतही नव्हते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात व्याही उशीला टेकून बसलेले दिसले. मामा स्टूलावर अवघडून बसले. माफीची चार वाक्यं पाठ करून आणली होती, ती सगळी एकदम तोंडात आली आणि एकही बाहेर पडेना. शेवटी भलतंच निघालं.

"व्याही, टाकीत तुम्ही काही म्हणाला होता. लग्नाबद्दल. आठवतंय?"

"नाही."

"बरं," मामा म्हणाले.

पंधरवड्याने व्याही कामावर रुजू झाले. मामांशी बोलत नव्हते, पण हे आधीच्यापेक्षा वेगळं आहे की नाही, हे मामांना नक्की सांगता येईना. त्याच दिवशी सेफ्टीच्या बाई आल्या. त्यांनी मामांना रागावणं अपेक्षित होतं. मामा त्याची तयारी करून आले होते, मान खाली घालायची कशी याचीसुद्धा. बाईंनी मात्र पिशवीतून एक बाटली काढली आणि चौदा जणांना रांगेत उभं केलं.

"यात एका गोष्टीचा वास आहे. कशाचा, ते सांगायचं. मामा, तुमच्यापासून."

मामांनी बाटली नाकाशी धरली. सवयीने तीन श्वास घेतले आणि तिसरा लांबवला. मागे सगळं शांत होतं. ते शांत का होतं, हे त्यांना तेव्हा एकदम उमगलं. मागचे तेरा जण कान देऊन उभे होते, मामा काय सांगतात ते ऐकून तेच सांगायला.

"काहीच नाही," मामा मोठ्याने म्हणाले. "मला कशाचाच वास येत नाही."

त्यांनी बाटली मागे दिली. मागे व्याही होते. त्यांनी बाटली हुंगली, झाकण लावलं, पुन्हा काढलं.

"मलाही नाही," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली."

मामा गर्रकन वळले. "तीन वर्षं? अहो, मग टाकीत कशाच्या भरवशावर उतरत होतात?"

व्याह्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की हा काय विचारण्याचा प्रश्न आहे.

"तुम्ही खूण करायचात ना," ते म्हणाले आणि बाटली क्रेनवाल्याकडे दिली.

क्रेनवाल्याने हुंगलं. बराच वेळ हुंगलं. "काहीच नाही," तो हळूच म्हणाला. भट्टीवाला म्हणाला, "काहीच नाही." त्याच्या मागचा म्हणाला, "लवंग?" आणि बाई म्हणाल्या, "हो, लवंग." त्याच्या मागचा म्हणाला, "काहीच नाही." "ही वाफ रोज थोडं थोडं नाक मारते," बाई फाईलमध्ये लिहिता लिहिता म्हणाल्या. वास न येणारे चौदातले नऊ झाले. मामा रांगेच्या पुढे उभे राहून एकेकाचं ऐकत होते, आणि खिशातला खडू त्यांच्या मुठीत कधी चुरला गेला ते त्यांना कळलं नाही.